पाखरधऱ्याची बायको

मेलाकेला बायकोकडे बघायची लाज वाटत होती, तिच्या हातचं खायची मात्र वाटत नव्हती. माझा हा थोरला मुलगा रोज दिवस कलला की पुरुषांच्या घरातून उतरून यायचा, चुलीकडे पाठ करून बसायचा आणि इनेलीने भाजलेली अळकुडी नारळाच्या दुधात बुडवून बोटं चाटत खायचा. पोट भरलं की तोंडात सुपारी कोंबून बाहेर जायचा आणि चारचौघांत म्हणायचा, त्या बाईचं नाव माझ्यापुढे काढू नका. त्याला पाजलं मी, चालायला शिकवलं मी. हे असलं जेवणं मी शिकवलेलं नव्हतं.

इनेलीवर माझं फार प्रेम होतं असं कुणी समजू नये. सुरुवातीपासून ती मला पसंत नव्हती. खाडीपलीकडच्या गावची, कामाला संथ, हसायला पुढे. माशाचं डोकं माझ्यासाठी काढून ठेव म्हणावं, तर हिने ते आधीच चोखलेलं असायचं. तिला घरात आणायला आम्ही चुलीवर टांगलेला सगळ्यात चांगला लाल पट्टा उतरवून दिला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो पट्टा जास्त आवडायचा.

लाल पट्ट्यावाचून आमच्यात मुलगी सासरी येत नाही. पारव्याच्या पिसांच्या चकत्या करायच्या, त्यावर मधपाखराची लाल पिसं बसवायची, त्या चकत्या दोरीवर एकाला एक लावत जायच्या आणि त्या सगळ्याचं जाडजूड वेटोळं करायचं. पाखरं धरणारं घर वेगळं, चकत्या करणारं वेगळं, पट्टा बांधणारं वेगळं. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. माझ्या नवऱ्याचं घर पाखरधऱ्यांचं. तो गेला आणि डोंगर मेलाकेकडे आला.

मधपाखरू मुठीत मावेल एवढं असतं. मादी मातकट, तिला कुणी विचारत नाही. नर लाल, जास्वंदीपेक्षा लाल, आणि स्वभावाने महाभांडखोर. आपल्या फुललेल्या झाडावर दुसरा नर दिसला की फुलातला मध सोडून त्याच्या अंगावर धावतो. म्हणून पाखरधऱ्या एक नर पायाला दोरी लावून दांडीवर बांधतो, दांडीला नीरफणसाचा शिजवून घट्ट केलेला चीक फासतो आणि पाल्याच्या आडोशाला बसून शीळ घालतो. बांधलेलं ओरडतं, मोकळं भांडायला येतं आणि चिकटतं. मग पाखरधऱ्या त्याला डाव्या मुठीत धरतो आणि उजव्या हाताने छातीवरची, पाठीवरची, डोक्यावरची लाल पिसं चिमटीने उपटून घेतो. जिवंतपणीच. मेल्यावर पिसं तेवढी सुटी येत नाहीत. नंतर पाखराला सोडून देतात. आम्ही मारत नाही, सोडतो, असं आमचे पुरुष छाती काढून सांगतात. ते उघडं पाखरू पहिल्याच पावसात फांदीखाली पडलेलं असतं आणि मुंग्या लागलेल्या असतात, ते कोणी सांगत नाही. लहानपणी मी बापाच्या मागे लाकडं आणायला डोंगरात गेले होते तेव्हा पाहिलेलं आहे. माझं काही अडलं नाही. लाल पट्टा हवा तर पाखरू उघडं होणारच.

पाखरधऱ्याला एक बंधन असतं. झाडं फुलली की तो डोंगरावर जातो आणि खाली येईपर्यंत बायकोजवळ जायचं नाही, तिने रांधलेलं खायचं नाही, तिचा आवाजसुद्धा कानावर पडू द्यायचा नाही. बाईचा वास हाताला असला तर पाखरू चिकावर बसत नाही आणि उपटलेल्या पिसांना बुरशी येते. पाणी ओलं असतं हे जसं सगळ्यांना ठाऊक, तसं आमच्यात हे ठाऊक. पाद्रीबाबा आल्यापासून आम्ही रविवारी देवळात जातो, गाणी म्हणतो, पण या गोष्टीत पाद्रीबाबाला कुणी विचारत नाही आणि तोही शहाणा, विचारत नाही.

त्या वर्षी माझ्या धाकट्याचं, पाडूचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या मामांनी साफ सांगितलं होतं, पट्टा नवा पाहिजे. चुलीच्या धुराने काळवंडलेला जुना आणाल तर मुलगी दुसऱ्या गावाला देऊ. पाडू त्या मुलीपायी असा वेडा झाला होता की मागावर बसून तिच्यासाठी विणलेल्या झोळ्या घरात ठेवायला जागा उरली नव्हती. मेलाके म्हणाला, काळजी करू नको, सगळं रान उपसून आणतो. झाडांवर फूल दिसलं तसा तो वर गेला.

पहिले काही दिवस खाली काहीच आलं नाही. मेलाकेने वरून निरोप धाडला, पाखरं शीळ ऐकतात आणि लांबच बसतात. पाडू भाताच्या शितासारखा पांढरा पडला. गावातले लोक माझ्याकडे बघून कुजबुजायला लागले की बापाची शीळ पोराकडे उतरली नाही.

याच सुमारास इनेलीच्या डोक्यात उवा झाल्या. मी तिला पुढ्यात बसवून केस बघायला घेतले. मानेवर, अगदी केसांच्या मुळाशी, सुपारीएवढा चिकाचा गोळा हाताला लागला. शिजवलेला चीक. त्यात लाल लव रुतलेली, दांडीवर बांधलेल्या नराची असणार. असा चीक पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाने नीट जातो, पण मानेमागचं स्वतःला दिसत नाही.

मी काही विचारलं नाही. शिंपल्याच्या धारेने केस कापले, गोळा चुलीत टाकला आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडायला लागली. म्हणाली, "मी नव्हतं बोलावलं, आई. तेच आले. पावसात भिजून आले, म्हणाले वर एकट्याने जीव जातो. उजाडायच्या आत गेले."

मी म्हटलं, तोंड शीव. हे तुझ्या आणि माझ्या पोटात राहील, नाहीतर पाडूचं लग्न राहील.

आणि पुढची गंमत ऐका. त्याच आठवड्यात वरच्या रानातली झाडं एकदम फुलली आणि डोंगरावरून पिसांच्या पुड्या यायला लागल्या. आधी बारक्या, मग मुठीएवढ्या, मग नारळाएवढ्या. असा हंगाम माझ्या नवऱ्याच्या काळातही झाला नव्हता. बायकोजवळ जाऊन आलेल्या हातांवर पाखरं टपाटप येऊन चिकटत होती. पाखरं फुलांकडे येतात, हे मला तेव्हा कळलं. कोण कुणाजवळ निजलं हे बघायला ती येत नाहीत. पण आमच्यात असलं बाईने बोलायचं नसतं. आणि माझंही त्यात काय जात होतं? पिसं येत होती.

मेलाके खाली उतरला तेव्हा गावाने त्याला खांद्यावर घेतलं. डुक्कर कापलं. पट्टा बांधणारा म्हातारा मेबो पिसांवर नाक टेकवून बसला आणि म्हणाला की अशी लाली मी डोळे मिटण्याआधी पुन्हा बघणार नाही. कामाला लागला. पाडू त्याच्या दारातून हलेना.

मग इनेलीचं पोट दिसायला लागलं.

झऱ्यावरच्या बायकांना हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. जंगली बदाम पडायला लागले तेव्हा मेलाके खाली आला, आणि पोट तर त्याच्या कितीतरी आधीचं, पण तो वर गेला त्यानंतरचं. मी हंडा भरत होते, मला बघूनही त्यांनी आवाज खाली आणला नाही. एक म्हणाली, "काय गं इनेली, नवरा डोंगरावर आणि पोट इथं. वाऱ्याने आलं का?" दुसरी म्हणाली, वाऱ्याने कशाला, खोबऱ्याची बोट आली होती की तेव्हा, खलाशी काय नुसतं खोबरं उचलतात? सगळ्या हसल्या. इनेलीही आधी हसली, तिला ती खोडच होती. मग तिला कळलं. म्हणाली, "तेच आले होते."

"मग पाखरं कशी आली गं?"

नवरा बंधन मोडून खाली आला असता तर पिसं मिळाली नसती. पिसं तर ढिगाने मिळाली. म्हणजे नवरा आला नाही. म्हणजे बाई छिनाल. एवढं सरळ गणित.

मेबोच्या कानावर गेलं तसा त्याने हात काढून घेतला. तो म्हणाला, पाखरधऱ्याने बंधन मोडलं असेल तर या पिसांनी माझी बोटं सडतील. खरं काय ते आधी ठरवा, मग बांधतो. पाडू त्याच्या पायावर पडला. म्हातारा म्हणाला, माझ्या पायांना नको धरू, भावाला विचार.

पाडूने भावाला विचारलं. मेलाकेने सांगितलं, मी डोंगर सोडला नाही. झालं. गावाने इनेलीचे केस भादरले. मागे होड्यांचं जुनं छप्पर आहे, तिथे डुकरं बसतात, तिथे तिला निजायला लावलं. काम मात्र सुटलं नाही. सकाळी बाग खणायची, दुपारी लाकडं, संध्याकाळी चूल. पोरं तिच्या मागे शीळ घालत जायची, डोंगरावर पाखरधऱ्या घालतो तसली, आणि ती वळून बघायची तेव्हा नारळाच्या करवंट्या फेकायची. त्यांच्या आया दारात बसून बघायच्या. खाडीपलीकडून तिचे भाऊ होडीने आले. पट्टा परत द्यावा लागेल या धसक्याने त्यांची तोंडं उतरली होती, कारण तो पट्टा त्यांनी स्वतःच्या लग्नांत केव्हाच देऊन टाकलेला. थोरल्या भावाने तिला काही विचारलंच नाही. आला तशी त्याने सगळ्यांसमोर तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. मग तो आमच्या पुरुषांच्या घरात जाऊन पान खात बसला.

मी बघत होते. म्हटलं, माझ्या पोटचं आहे, आज ना उद्या बोलेल.

तो बोलला नाही, तेव्हा मीच त्याला बागेत गाठलं. कणगर खणत होता. मी सरळ सांगितलं, तिच्या मानेवरचा चीक मी काढलाय. त्याच्या हातातली खणायची काठी थांबली. वर बघितलं नाही. मी म्हटलं, गावासमोर तोंड उघड. दंड होईल, डुकरं द्यावी लागतील, देऊ.

"डुकरांचं काय घेऊन बसलीस, आई. मी संपेन. बापाचा डोंगर जाईल. पाडूचं लग्न जाईल. आणि ती काय, ती माहेरी जाईल, दुसरा कुणी घेईल तिला. तिचं काय जातंय?"

मी विचारलं, आणि मूल?

तो म्हणाला, मुलं काय, होतात. आणि पुन्हा खणायला लागला. वर मला समजावून सांगतो, तू गप्प राहिलीस तर कुणाचंच वाईट होत नाही. जणू इनेली कुणीच नव्हती. त्याच्या बापात शंभर खोडी होत्या, पण उघड्या केलेल्या पाखराला सोडताना तो निदान तोंड फिरवायचा.

मी त्याला म्हटलं, मेबो हटून बसलाय, म्हणून उद्या माझा भाऊ तुला सगळ्यांसमोर, बापाच्या नावाने विचारणार आहे. तेवढी एक वेळ तुझी. त्याने मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाला.

नाचाच्या मैदानावर, पोवळ्याच्या दगडांच्या कुंपणात पुरुष बसले, बाहेर आम्ही बायका. माझा भाऊ मेनापो गावात मोठा. त्याच्यापुढे पिसांच्या पुड्या रचलेल्या, मेबोने निम्मा बांधलेला पट्टा त्यांच्यावर. ऊन पडलं होतं आणि ते सगळं जळल्यासारखं लाल दिसत होतं. इनेलीला कुंपणाच्या तोंडाशी बसवलं होतं, भादरलेल्या डोक्याला माश्या लागत होत्या, ती हाकलत नव्हती.

मेनापोने विचारलं, बापाच्या नावाने सांग, तू डोंगर सोडून खाली आलास का?

मेलाकेने इनेलीकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. पिसांकडे बघितलं. म्हणाला, "पाखरांनाच विचारा, मामा." पुरुष खूश झाले, मांड्यांवर थापा मारल्या. एवढ्यावर तो थांबला असता तर मीही कदाचित आणखी एक दिवस थांबले असते. पण टाळी मिळाली की माणसाला थांबवत नाही. तो म्हणाला, "ही बोटीवर जायची, खलाशांना केळी विकायला. केळी घरी परत यायची आणि ही उशिरा यायची. ते मूल माझं नाही."

पुरुष पुन्हा हसले. इनेलीचा भाऊही हसला.

मी उठले आणि दगडांवरून आत गेले. बाई तिथे जात नाही. मेनापो म्हणाला, ताई, बाहेर. मी म्हटलं, तू लहान असताना तुझं हगलेलं मी काढलंय, मला आतबाहेर शिकवू नकोस. मग मी सांगितलं. चीक, लाल लव, मान, शिंपला, सगळं. कुठल्या पावसात ते सांगितलं. त्यानंतर कुठली पुडी पहिली आली ते सांगितलं. कुणी मला खोटं म्हणालं नाही. आई पोराच्या बाजूने खोटं बोलते, विरुद्ध कशाला बोलेल?

आता माझं बोलणं खरं, आणि पिसंही समोर खरी. दोन्ही एकत्र कशी राहणार? मी त्यांची तोंडं बघत होते. कुणीतरी म्हणेल, मग पाखरं तशीही येतात तर. एकाच्याही तोंडून ते निघालं नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी बंधनं पाळली, पाळली म्हणून मिरवली, तरण्या बायकांना घरी कुढत ठेवलं, त्यांना ते म्हणवेना. मेबो म्हातारा उठला, स्वतः बांधलेला पट्टा उचलला आणि म्हणाला, ही पिसं पाखरांची नाहीत, भुतांनी फसवायला दिलेली आहेत. जाळा.

आणि जाळली. अख्ख्या हंगामाचं रान. माणसाचे केस जळल्यासारखा वास सुटला. पाडू आगीत हात घालायला धावला, त्याला चौघांनी धरलं. पट्टा बघायला आलेले मुलीचे मामा पान थुंकून उठले आणि आपल्या होडीकडे गेले. त्या मुलीचा विषय तिथेच संपला, पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावाला गेली. पाडू माझ्याशी आजही नीट बोलत नाही. न बोलू दे.

आग बसली तसा मेलाके माझ्या पायांशी आला. रडत होता. आता त्याला सगळं आठवायला लागलं होतं. पाऊस आठवला, चीक आठवला. म्हणाला, मूल माझं आहे, आई, सगळ्यांना सांगतो, मूल माझं आहे, इनेलीला घरात घेतो. इनेली मागे उभी होती. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की ती मूर्ख हो म्हणायला तयार आहे.

मी तिला हाताने मागे सारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला म्हटलं:

"ऊठ. माझे पाय सोड. तुला मी गावातून हाकलणार नाही, हाकललं तर दुसऱ्या बेटावर जाऊन मोठा पाखरधऱ्या म्हणून मिरवशील. इथंच राहायचं. डोंगर पाडूचा. शीळ कशी घालायची, चीक कसा शिजवायचा ते तू त्याला शिकवायचं, आणि तुझा हात चिकाला लागलेला दिसला तर तो हात मी तोडीन. इनेली माझ्या घरात राहील, माझी म्हणून, तुझी म्हणून नाही. आणि मूल तुझं नाही. तू म्हणालास ना, बापाच्या नावाने विचारलं तेव्हा म्हणालास, आता ते फिरवता येत नाही. ते मोठं होईल, तुझ्यासारखं नाक घेऊन अंगणात फिरेल आणि एक दिवस विचारेल माझा बाप कोण. त्याला दुसरं कुणी काही सांगणार नाही. तू सांगायचं. तुझ्याच तोंडाने, आज सांगितलंस तसंच, सगळ्यांना हसवत, मांड्यांवर थापा मारायला लावत, की मी नाही. मी जिवंत असले तर समोर बसून ऐकेन. आवाज बारीक झाला तर पुन्हा सांगायला लावीन."